जुना कॉम्प्युटर जाऊच्या घरी

नव्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक थोरली काढू देत नव्हती. म्हणे ओरखडे पडतील. धाकटी म्हणाली, "ताई, ओरखडे पडायला तो आधी वापरावा लागतो." झालं, तिथून त्या रविवारची सुरुवात झाली. मी खुर्ची ओढून बसले. माझ्या दोन्ही सुना एका टेबलाशी आल्या की आपण तिथून उठायचं नाही, एवढं मी धाकटीच्या लग्नापासून शिकले आहे.

काम तसं साधं होतं. गल्लीतलं दुकान सोडून आम्ही पुलापलीकडच्या मोठ्या जागेत आलो होतो आणि ते गिऱ्हाइकांना कळवायचं होतं. आमचं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहणारं नव्हे. अकॉर्डियन वाजवणारी माणसं, लांबलांबच्या गावांची. हंगाम संपला की वाद्य पेटीत घालायचं आणि पार्सलनं आमच्याकडे धाडायचं. भाता कुठे फाटलेला, कोपऱ्याचं कातडं सुटलेलं, घडीतून वारा पळतोय. आम्ही भाता नवा करून परत पाठवतो. कातड्याचा कोपरा अजून मीच चिकटवते. डोळे अधू झाले तरी बोटं शाबूत आहेत.

हंगाम संपत आला होता. पुढच्या आठवड्यात पेट्या निघणार. पत्ता बदलल्याचं कळलं नाही तर सगळ्या जुन्या गल्लीत जाऊन पडणार. आणि जुन्या गल्लीत कोण बसलंय? माझी जाऊ. वाटणीत पुढचं दुकान आमच्या वाट्याला आलं, मागची खोली दिराच्या. आम्ही पुढचं सोडलं, त्यांनी मागचं सोडलं नाही. वर पाटी अजून घराण्याच्याच नावाची. पार्सलवाल्याला काय, पाटी दिसली की पेटी टेकवली.

"बसा ताई," धाकटी म्हणाली. "मेल उघडून दिलाय. एकच पत्र लिहायचं आणि सगळ्यांना एकदम सोडायचं."

थोरली बसली. आमचा पत्रव्यवहार सगळा तिचा. कोणाचा भाता कधी झाला, कोणाला मऊ लागतो, कोणाला ताठ, तिला विचारावं. गिऱ्हाइकं पत्र लिहितात तीही तिच्याच नावानं. मी चिकटवलेल्या भात्याबद्दल आभार मानायचे तेही तिचेच. असो. तिनं पदराला बोटं पुसली आणि एक अक्षर दाबलं.

काही झालं नाही.

तिनं परत दाबलं. मग दुसरं दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच कळ धरून बसलेय.

"नावं येत नाहीत," ती म्हणाली.

"कशी येतील? पूर्ण पत्ता लिहा ना."

"पूर्ण कशाला लिहू? मी पहिलं अक्षर दाबलं की माणूस वर यायचा. बँडवाल्याचं अक्षर दाबलं की बँडवाला. मास्तरांचं दाबलं की मास्तर. आता का येत नाहीत?"

धाकटी वाकली. माउस तिच्या हातातून काढून घेतला, मागितला नाही, काढूनच घेतला. इकडे बघ, तिकडे बघ. "ताई, मी जुन्यातून तुमची पत्त्यांची यादी आणली होती. त्यात चारच नावं आहेत. वीज कंपनी, पार्सल कंपनी, तुमचे दीर म्हणजे आमचे हे, आणि 'नमुना' नावाचा कोणीतरी."

"म्हणजे बाकीची तू हरवलीस."

"मी?"

"मग कोणी? माझ्या कॉम्प्युटरवर असताना सगळी होती. तू हलवलंस आणि गेली."

"नव्हतीच! यादीत तुम्ही एकही नाव कधी घातलं नव्हतं. ती यादी नव्हती ताई, ती त्या कॉम्प्युटरची सवय होती. ज्याला एकदा पत्र पाठवलं त्याचं नाव तो लक्षात ठेवायचा. तुम्हाला वाटलं, जपून ठेवलंय."

"मग पाठवलेल्या पत्रांतून काढ. तुला एवढं येतंय तर."

"पाठवलेली पत्रं आहेत कुठे? एकूण एक पुसलीत तुम्ही."

ते खरं होतं. थोरलीला पसारा खपत नाही. ताट उचललं की टेबल पुसायचं, पत्र गेलं की पत्र पुसायचं. इतकी वर्षं त्या मशीनमध्ये तिनं धूळसुद्धा राहू दिली नव्हती. पार्सलच्या पावत्याही पेटी पोचली की चुलीत. मी कौतुक करायचे. आता कौतुक कुठे ठेवू.

थोरली उठली आणि मागच्या खोलीत कातड्याचे तुकडे आवरायला गेली. आवरलेलेच होते. आता तिच्या मनातलं मला कसं कळलं म्हणाल, तर थोडं तिनं नंतर सांगितलं आणि उरलेलं तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं. तिला पत्ते गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख असं की हे धाकटीसमोर झालं. धाकटी या घरात आली तेव्हा कातडं कुठल्या बाजूनं कापतात हे तिला थोरलीनं शिकवलं. धाकटी एका दवाखान्यात बाहेरच्या खिडकीशी बसते, दिवसभर कॉम्प्युटरवर माणसांची नावं चढवते, आणि संध्याकाळी घरी येऊन थोरलीला सांगते की तुमचं मशीन म्हातारं झालंय. तिनं नवा आणला त्या दिवशी थोरली हसली होती. मी ते हसू पाहिलं होतं. असं हसू बाई फक्त दुसऱ्याच्या लग्नात हसते.

आणि धाकटी? ती टेबलाशीच बसून राहिली. तिलाही राग यायला कारण होतं. तिचा नवरा, माझा धाकटा, जहाजावर वाजवायला असतो, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. घरात तिचं म्हणून काय? एक खोली आणि एक खिडकी. धंदा थोरल्याचा, गिऱ्हाईक थोरलीचं, सासूही थोरलीची, असं तिला वाटतं. (सासू कोणाचीच नाही, पण तिला वाटतं.) तिनं नवा कॉम्प्युटर आणला तो टेबलावर आपली एक बाजू व्हावी म्हणून. आणि पहिल्याच पत्राला त्यातून माणसं गायब. आता जन्मभर थोरली म्हणणार, हिनं हलवलं आणि गेलं.

थोरला माझा, आम्ही त्याला मौनी म्हणतो, कारण तो आठवड्याला एक वाक्य बोलतो आणि ते चुकीच्या वेळी बोलतो. तो दारात भात्याच्या चौकटीला सरस लावत उभा होता. ब्रश न थांबवता म्हणाला, "मग जुन्यातूनच काढा की. काकूकडे आहे तो."

थोरली मागच्या खोलीतून बाहेर आली. धाकटीनं मान वळवली. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या दोन बायांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

कारण जुना कॉम्प्युटर जाऊकडे मीच पाठवला होता.

का पाठवला ते सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. जाऊची लेक आठवड्यापूर्वी परगावाहून आली होती, नवीकोरी मोठी गाडी घेऊन. गाडी गल्लीत मावेना. सगळ्या गल्लीनं खिडक्यांतून पाहिलं. जाऊनं दोन वेळा त्या गाडीतून बाजार केला, पायी दोन मिनिटांचा बाजार. आणि नेमका त्याच दिवशी आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला. मी मौनीला म्हटलं, जुना उचल आणि काकूकडे नेऊन दे. पाहुणे बसलेले असतानाच ने. सांग, आईनं पाठवलाय, अजून चालतो, आमच्याकडे नवा आलाय. धाकटी म्हणाली होती, आई, थांबा, मी यादी तेवढी घेतलीय, बाकी आतलं पाहून पुसून देऊ. मी म्हटलं, दिल्या वस्तूत पुसापुशी कसली, गाडी निघून जाईल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गिऱ्हाईक सगळं पेटीत भरलं, वर दोरी बांधली आणि जावेच्या घरी पोचतं केलं. तेही टोमण्यासकट.

"मी जाते," थोरली म्हणाली. "काकू मला नाही म्हणायच्या नाहीत."

ते वाक्य मला टोचलं. का नाही म्हणायची नाही? कधीपासून? वाटणी झाल्यापासून जाऊ मला 'जाऊबाई' म्हणते, तोंडात बर्फ धरल्यासारखं. आणि माझ्या सुनेला नाही म्हणणार नाही?

"कोणी एकटं जायचं नाही," मी म्हटलं. "सगळ्या जाऊ. मी पुढे."

धाकटीनं काहीतरी पर्समध्ये टाकलं. पेनड्राइव्ह, ते बोटाएवढं असतं ते. पुलावर माझ्या शेजारी येऊन ती हळूच म्हणाली, "आई, त्या सवयीची एक फाइल असते. ती उचलून आपल्यात ठेवली की सगळी नावं परत येतात. मला मशीनपाशी जरा वेळ मिळाला की झालं. काकूंना सांगायचीसुद्धा गरज नाही."

मी पुढेच चालत राहिले. पण पाय हलका पडायला लागला, हे खरं.

दार दिरानं उघडलं. एके काळी त्याच्यासारखा सूर जुळवणारा पंचक्रोशीत नव्हता, आता कान पार गेले आहेत. पण चेहरा अजून तसाच, सगळं ऐकू आल्यासारखा.

"वहिनी! वाट चुकलात?"

"कॉम्प्युटर बघायला आलो, भाऊजी," मी ओरडले.

"नको नको, दुसरा नको. आहे आमच्याकडे. तुमचाच आहे. छान चालतो."

धाकटी खोकली. थोरलीनं तिला कोपर मारलं. बघा, हसायला दोघी एक होतात.

मागच्या खोलीत मी वाटणीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. लांब अरुंद खोली, खिडकीखाली सुराचं टेबल, त्यावर सुरांच्या पितळी पट्ट्या ओळीनं, कानस, बारीक ब्रश. या टेबलाशी मला कधी बसू दिलं गेलं नाही. मी थोरली सून, आधी आले, तरी सासऱ्यांनी जावेला सुराच्या टेबलाशी बसवलं आणि मला सरसाच्या भांड्याशी. म्हणाले, हिला कान आहे. मला काय भोकं होती? जाऊ दे. तो विषय घरात पुष्कळ झाला.

आणि टेबलाच्या शेजारी, स्वच्छ कापडावर, आमचा जुना कॉम्प्युटर. आमच्याकडे तो कण्हायचा. इथे गुपचूप चालला होता. मला त्याचाही राग आला.

जाऊ त्याच्यासमोर बसलेली. केस पिकले, पण बसणं तेच, पाठ सरळ. "या जाऊबाई. बसा. पोरींनो, तुम्हीही बसा. चहा ठेवते."

"चहाला नाही आलो," मी म्हटलं.

"माहीत आहे कशाला आलात." तिनं एक कळ दाबली. पडद्यावर एक नाव वर आलं, पाठोपाठ आणखी चार. "मी लेकीला पत्र लिहायला शिकत होते. तिचं अक्षर दाबलं तर बँडवाला आला. मग मला नादच लागला. एकेक अक्षर दाबत बसले. एकदा तर मास्तर आले. मास्तर अजून आहेत हेच मला माहीत नव्हतं. पत्र मात्र जात नाही यातून. पासवर्ड मागतो, मी नको म्हणते, गप्प बसतो."

"पासवर्ड मी बदललाय," धाकटी म्हणाली.

"हुशार आहेस. पण नावं उतरवून घ्यायला पासवर्ड लागत नाही गं. कागद लागतो." जाऊ हसली. "घेतली नाहीत उतरवून. घाबरू नका."

"घाबरतंय कोण?" मी म्हटलं. "आणि घेतली का नाहीस? इतकी चांगली कधीपासून झालीस?"

"चांगुलपणा कसला. लिहून काय सांगू त्यांना? पेट्या माझ्याकडे पाठवा? भाता कोण करणार? यांनी जन्मभर सूरच जुळवले, मलाही कातडं कापता येत नाही. फाटका भाता घेऊन मी त्यातून कुठला सूर काढू?"

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी खुर्चीवर बसले.

"पण जाऊबाई," ती म्हणाली, आणि तिथेच मला कळलं की बसायला नको होतं. "तुमच्याकडे सूर कोण जुळवतंय हल्ली?"

आमच्याकडे एक जण येतो, बाजारातला. आठवड्यातून दोन संध्याकाळी. तो जुळवतो ते जुळवणं नाही, समजूत घालणं आहे.

"लोक काही म्हणतात का?" जाऊनं थोरलीला विचारलं. मला नाही, थोरलीला.

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणतात, काकू. दर दोन पत्रांत एक असतं. वरचे सूर कडू लागतात म्हणतात. मी गोड उत्तर लिहिते आणि पुसून टाकते."

"मला कधी बोलली नाहीस!" मी म्हटलं.

"बोलले असते तर तुम्ही गिऱ्हाइकालाच बहिरं म्हटलं असतं, आई."

दीर कुठूनसा म्हणाला, "कोण बहिरं?" आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

जाऊनं पट्ट्यांवरचं कापड नीट केलं. "माझं एवढंच म्हणणं. पत्र जाऊ दे, आजच जाऊ दे, इथूनच जाऊ दे. त्यात दोन पत्ते लिहा. भात्यासाठी पुलापलीकडे, सुरासाठी इथे. पेट्या आधी तुमच्याकडे, मग माझ्याकडे. नाही म्हणालात तरी मशीन मी परत देईन. तुमचंच आहे. पण मग ते अजून चालतं असं सांगून मला पाठवायचं नाही."

ती चहा ठेवायला आत गेली. लगबग न करता गेली, पाठ आमच्याकडे करून. दीर मागोमाग गेला.

आणि खोलीत आम्ही तिघी आणि ते मशीन.

धाकटीच्या हातात पेनड्राइव्ह आला होताच. ती कॉम्प्युटरपाशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. नुसती मान हलवायची होती मी. चहा उकळेपर्यंत सगळं गिऱ्हाईक तिच्या पर्समध्ये. मग 'बघू, विचार करू' म्हणायचं, चहा प्यायचा, घरी जायचं, एकच पत्ता टाकून पत्र सोडायचं.

थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ती ओरडणार नव्हती, सांगणारही नव्हती. पण तिला जर उद्या कोणी विचारलं असतं की तू कोणाची, तर तिनं माझं नाव घेतलं नसतं, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. धाकटीची गंमत निराळी. ती माझ्या होकाराकडे डोळे लावून होती, मला जिंकून द्यायला. आज पहिल्यांदा सासू आपली होणार, असं तिला वाटत होतं.

लोकांना वाटेल की मला चोरीची लाज वाटली. लाजबिज काही नाही. मी त्या सुराच्या टेबलाकडे पाहत होते. माझ्या मनात आलं, हिच्या घरातून मी चोरून काही न्यायचं म्हणजे हिच्याकडे चोरून न्यावं असं काही आहे, हे कबूल करायचं. ते मी माझ्या सासऱ्यांसमोर केलं नाही, नवऱ्यासमोर केलं नाही. आता एका बोटाएवढ्या काडीसाठी करू?

"ठेव ते पर्समध्ये," मी म्हटलं.

"आई, पाच मिनिटांत होतं."

"पाच मिनिटांत सगळंच होतं. ठेव."

धाकटीचा चेहरा पडला. मला तिची कीव आली, पण कीव आली की मी ओरडते. "आणि तोंड पाडू नकोस. बस तिथे, पासवर्ड घाल. आणि थोरले, तू खिडकीत काय पाहतेस? बस मशीनपाशी. तुझीच माणसं आहेत ना सगळी?"

जाऊ चहा घेऊन आली तेव्हा दोघी एकाच खुर्चीच्या दोन टोकांवर बसलेल्या होत्या, कारण दुसरी खुर्ची मी अडवून होते.

"लिहा," मी म्हटलं. "आमची जागा बदलली आहे. भात्याचं काम पुलापलीकडे. सुराचं काम..." इथे मी चहाचा घोट घेतला. फार गरम होता. "सुराचं काम जुन्या जागेत, माझ्या जावेकडे."

"नाव लिहायचं का काकूंचं?" थोरलीनं विचारलं.

"लिही. माझ्या नावाखाली लिही. अक्षर लहान."

"एकाच आकाराचं येतं, आई."

"मग खाली लिही."

"खाली कशाला," जाऊ शांतपणे म्हणाली. "पेटी आधी भात्याला जाते ना? मग भाता आधीच येतो. वरचं खालचं काय त्यात?"

म्हणजे वर माझं नाव राहिलं, पण तिनं दिल्यासारखं राहिलं. हिचं हे असंच असतं. मारते ते कळत नाही, नंतर सुजतं.

मग सुरू झालं. थोरली एक अक्षर दाबायची, नावं वर यायची, ती एकेक पाहून म्हणायची, "हा घे. हा वारला, सोड. ही घे, हिचा भाता निळा." धाकटी आपल्या फोनमधल्या यादीत प्रत्येक नाव चढवत होती, या वेळी खरोखरच्या यादीत. पहिल्यांदा दोघी एकमेकींवर गुरगुरत होत्या. "तुम्ही हळू." "तू लवकर." मग एका नावाशी थोरली थांबली, हसली, आणि धाकटीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि धाकटी इतकी हसली की फोन पडला. काय सांगितलं ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी मुद्दाम जाऊकडे बघत बसले, आणि जाऊ त्या दोघींकडे बघत होती. तिची लेक गाडी घेऊन परत गेली होती. तिच्याकडे अशी एका खुर्चीवर भांडणारी दोन माणसं नव्हती. तिच्या डोळ्यांत ते दिसलं. मला वाटायला हवं होतं की बरं झालं. थोडं वाटलंही.

"कळ कोण दाबणार?" धाकटीनं विचारलं. सगळं तयार होतं.

"मी," मी म्हटलं.

"दाबा की," जाऊ म्हणाली.

मी दाबली. काही आवाज झाला नाही. एवढी मोठी गोष्ट झाली आणि एक टिचकीसुद्धा नाही.

आम्ही उठायच्या आतच पहिलं उत्तर आलं. मास्तरांचं. म्हातारा माणूस, पडद्यापाशीच बसलेला असणार. थोरलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दोन शब्दांवर थांबली.

"वाच," मी म्हटलं.

"लिहिलंय, तुमच्या भात्याला तोड नाही हे मी नेहमीच म्हणतो."

"हां," मी म्हटलं.

"पण गेली काही वर्षं वाद्य परत आलं की हातात घ्यावंसं वाटेना. का ते सांगायला जीव धजत नव्हता. सुराच्या बाई परत आल्या हे वाचलं आणि मी उठून पेटी पुसायला घेतली."

जाऊनं मान खाली घातली आणि कपबश्या गोळा करायला लागली. एक शब्द बोलली असती, एक टोमणा मारला असता, तर मी तिला माफ केलं असतं.

पुलावरून परत येताना धाकटी म्हणाली, "आई, जिंकलोच की आपण. एकसुद्धा गिऱ्हाईक गेलं नाही."

"गप्प चाल," मी म्हटलं.

थोरली माझ्या डाव्या बाजूनं चालत होती, जिकडून मला कमी दिसतं. माझा हात धरला नाही. नुसती त्या बाजूला होती.

मास्तरांची पेटी त्याच आठवड्यात आली, सगळ्यांच्या आधी. मौनीनं झाकण काढलं. भाता कोपऱ्यांत सुटला होता, घड्यांचा पुठ्ठा मऊ पडला होता. मौनी म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

कातडं मी सगळ्यात पातळ निवडलं. कोपरा असा कापला की घडी मिटली तर सांधा बोटाला लागू नये, आणि उघडली तर डोळ्याला दिसू नये. सरस दोनदा गाळून घेतला. धाकटी दवाखान्यातून आली, बघत उभी राहिली, म्हणाली, "आई, आतल्या बाजूला एवढं बारीक कशाला? ते कोणाला दिसणार आहे?"

"जिला दिसायचं तिला दिसेल," मी म्हटलं.

सूर जुळवायचा तर जावेला आधी भाता उघडावा लागतो. उघड म्हणावं. चांगल्या उजेडात, चष्मा लावून उघड.